वाटणीच्या बैठकीत भावानं काढलेली माझी २००६ ची फाईल

पऱ्हाटी | १० नोव्हेंबर २०२४, रात्री १०.१२

नमस्कार. सहा-सात वर्षांपासून इथं वाचतो, लिहितो आज पहिल्यांदा. गाव घाटंजी तालुक्यात आहे, एवढंच सांगतो.

दिवाळी झाली आणि घरी वाटणीची बैठक बसली. सव्वासहा एकर कोरडवाहू, आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ओसरीत सतरंजी टाकली होती, मामा होते, गावातले दोन जाणते होते. बोलणं धुऱ्यावरून विहिरीवर आलं आणि मोठा भाऊ एकदम उठून आत गेला. एक खाकी पाकीट आणून मामांच्या पुढं ठेवलं. म्हणाला, "हे याच्या डोक्याची फाईल हाये. याच्या नावानं सातबारा करसान तं उद्या कोनालेही लिहून देईन हा."

पाकिटावर निळ्या पेनानं माझं नाव होतं. अक्षर आईचं.

२००६ साली मी १९ वर्षांचा होतो, बी.ए. च्या पहिल्या वर्षाला. माझ्या वहीत एका मुलाची चिठ्ठी सापडली. आधी एका भगताकडे दोन अमावास्या झाल्या, मग नागपूरला एका खाजगी डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. अकरा फेऱ्या. गोळ्या होत्या, त्यांनी दिवसभर जीभ जड राहायची. आणि मनगटाला रबर बांधायला सांगितलं होतं. तसा विचार मनात आला की रबर ताणून सोडायचं. बाबांनी किराणा दुकानातून रबरांची अख्खी पुडी आणली होती, तुटलं की दुसरं. मे महिन्यातही मी लांब बाह्यांचा शर्ट घालायचो, कारण मनगटावर लाल-काळे वळ असायचे. डॉक्टर म्हणाले होते की हा आजारही आहे आणि गुन्हाही आहे.

बैठक मोडल्यावर फाईल पहिल्यांदा स्वतः वाचली. निदानाच्या जागी 'एफ ६६.१' लिहिलं आहे. शेवटच्या पानावर सल्ला : लवकर लग्न करावं. २००८ ला माझं लग्न लावलं. दोन वर्षांत ती माहेरी गेली. तिची काहीच चूक नव्हती. तिला या घरात कशासाठी आणलं ते तिला कोणी सांगितलं नाही, मीही नाही. आता तिचा संसार चांगला चालला आहे असं कानावर येतं, तरी ते ओझं माझ्यावर आहेच.

मला विचारायचं आहे की हा कोड म्हणजे नक्की काय? तो अजून आजार आहे का? आणि या कागदावर माझा हिस्सा अडवता येतो का?

वर्धेकाठी | १० नोव्हेंबर, रात्री १०.५०

भाऊ, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. जाणकार येतीलच. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका.

रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, पहाटे २.३५

मी मानसोपचार विभागात काम करतो, विदर्भातच. सविस्तर लिहितो.

'एफ ६६.१' हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कोड. त्याचा अर्थ असा की माणसाचा लैंगिक कल ठरलेला आहे, पण त्याला तो नकोसा वाटतो, त्याचा त्रास होतो, आणि तो बदलावा म्हणून तो स्वतः उपचार मागू शकतो. याच गटाच्या डोक्यावर एक वाक्य छापलेलं आहे : लैंगिक कल हा स्वतःहून विकार समजायचा नाही. ही यादी १७ मे १९९० ला मंजूर झाली. समलैंगिकता तिच्यात आजार म्हणून नाही. तुम्ही गेलात २००६ ला. म्हणजे तुमच्यावर जे झालं ते 'तेव्हा असंच समजायचे' या सबबीखालीही बसत नाही. समोरचं दार बंद झालं होतं, तुम्हाला खिडकीतून आत ओढलं.

अमेरिकेच्या डीएसएम या मनोविकारांच्या यादीतही अशीच खिडकी होती. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ठेवली, १९८७ ला काढली. कारण उघड आहे. ज्या पोराला घर, शाळा, देऊळ, शेजारी सगळे सांगतात की तू किडका आहेस, त्याला आपला कल नकोसा वाटणारच. तो त्रास खरा असतो, फक्त तो कलातून येत नाही. आणि तुमच्या बाबतीत एक साधा प्रश्न : उपचार मागितला कोणी होता, तुम्ही की बाबांनी?

आयसीडी-११ मे २०१९ ला स्वीकारली गेली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात हा गटच नाही. मी बसतो त्या ओपीडीत संगणकावर अजून जुने कोड निघतात, म्हणून सांगतो : यादी बदलली म्हणजे केसपेपर बदलला असं नाही, त्यासाठी लिहिणारा बदलावा लागतो. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, म्हणजे देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, २०१८ ला जाहीर सांगितलं की समलैंगिकता आजार नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ ला कल बदलण्याच्या 'उपचारा'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

आता हिश्श्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ३ वाचा, छापून घ्या. समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज किंवा पुढं मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि मानसिक आजार असला तरी कोर्टानं तसं ठरवल्याशिवाय माणूस 'अस्थिर बुद्धीचा' होत नाही. भावाच्या हातात पाकीट आहे, कोर्टाचा हुकूम नाही.

दिवाणी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

डॉक्टरसाहेबांनी अर्धं काम केलं. उरलेलं असं की हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २८ प्रमाणे कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यावरून वारसाहक्क जात नाही. फाईल खरी धरली, आजार खरा धरला, तरी तुमचा हिस्सा तुमचा. बहिणीचाही आहे, तिला बैठकीत बसवलं होतं का? तहसीलमध्ये वाटणीचा अर्ज पडला तर हरकत लेखी द्या.

कास्तकार_७२ | ११ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मी कोनाच्या इरोधात नाही. ज्याचं त्याच्यापाशी. पन एक गोष्ट समजत नाही. अमेरिकेत डॉक्टरायनं मतदान करून हा आजार काढला असं वाचलं. मतदानानं आजार जाते का? असं तं उद्या मधुमेहबी काढून टाका. आन हे सारं शहरातलं हाये, आमच्या गावात तं असं काही पायलं नाही.

रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, रात्री ११.४८

काका, प्रश्न रास्त आहे आणि तो खूप जण विचारतात. मतदान झालं हे खरं, पण क्रम उलटा सांगितला जातो.

१९५७ साली एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावं झाकून त्या काळच्या नावाजलेल्या तज्ज्ञांपुढं ठेवल्या. कोणता कागद कोणाचा हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. तोवरचा बहुतेक 'पुरावा' दवाखान्यात आलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या माणसांचा होता. फक्त दवाखान्यात येणारे शेतकरी पाहून शेती हा आजार आहे असं म्हटल्यासारखं ते होतं.

१९७२ ला अमेरिकेत डलासला मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा आणि विग घालून, आवाज बदलणाऱ्या माईकवर बोलले की मी समलिंगी आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. आजाराच्या यादीत स्वतःचं नाव असलेला डॉक्टर. उघड्या तोंडानं बोलले असते तर नोकरी गेली असती. डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विश्वस्त मंडळानं समलैंगिकता यादीतून काढली. मतदान झालं १९७४ ला, आणि ते मागितलं निर्णय न पटलेल्यांनी. ५८ टक्के मतांनी निर्णय टिकला.

मधुमेहाला साखर मोजता येते. इथं मोजायला काय होतं? काहीच नाही. आत घातलं तेव्हाही पुरावा नव्हता, हे कोणी विचारत नाही.

वर्धेकाठी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

कास्तकार दादा, 'शहरातलं' यावर थोडं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाची मागणी मान्य केली नाही. पण तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं की हे फक्त शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदाराचं नाही, गावात शेतात राबणाऱ्या बाईचंही आहे. गावात दिसत नाही कारण गावात तोंड उघडलं की पाकीट निघतं.

कास्तकार_७२ | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

तुमचं म्हननं वाचलं. इचार करतो.

मोगरा | १२ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

मी हिंगणघाटची. पारलिंगी बाई आहे, म्हणजे जन्मताना मुलगा ठरवलं, पण मी बाई आहे. पऱ्हाटी दादा, तुमचं वाचून रडू आलं. पण डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितली ती गोष्ट समलिंगी लोकांची झाली. आमची वेगळी आहे, ती कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगते.

तुमची लढाई नाव खोडायची होती. आम्हाला त्याच नावाचा कागद मागत फिरावं लागलं. हार्मोन सुरू करायचे तर मानसोपचारवाल्याचं पत्र, ऑपरेशन करायचं तर पत्र. बरीच वर्षं दोन-दोन डॉक्टरांची मागायचे. माझ्या कागदावर 'एफ ६४.०' आहे. तो कोड मनोविकारांच्या प्रकरणातला. म्हणजे मी बाई आहे हे कबूल करून घ्यायचं तर आधी मी मनोरुग्ण आहे हे कबूल करायचं.

सात फेऱ्या झाल्या. हिंगणघाट-नागपूर एसटी, दर वेळी एक दिवस बुडाला. मी तेव्हा एका खानावळीत पोळ्या लाटायची. पहिल्या फेरीत डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी काय खेळायचीस? मी खरं सांगितलं : विटीदांडू, आणि वणा नदीत पोहायचे. त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. घरी आल्यावर माझ्या गुरूनं विचारलं काय काय बोलली, आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं, बाहुली म्हण. बाहुली, भातुकली, आईची साडी. नाही तर कागद नाही भेटत." पुढच्या फेरीला मी बाहुली म्हटलं. माझ्याकडे कधीच बाहुली नव्हती. मग पुढं सगळं सोपं झालं.

विटीदांडू खेळणारी बाई त्यांच्या पुस्तकात नव्हती म्हणून मला खोटी बाई बनावं लागलं. सगळ्यात जास्त हेच खुपतं. ज्या खोलीत माणसानं मनातलं बोलावं त्याच खोलीत पाठ केलेलं बोलायचं. आणि मग खरंच काही बिघडलं, रात्र-रात्र झोप नाही, मरावंसं वाटतं, तर ते त्या खोलीत सांगायची सोय उरत नाही. सांगितलं तर कागद अडकेल ही भीती. माझ्यासोबतची एक त्या भीतीनं गप्प राहिली. ती आज नाही.

पऱ्हाटी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मोगराताई, हे मला माहीतच नव्हतं. पण मग मला वाटतं हे सगळेच कोड काढून टाकायला हवेत. कशाला हवी यादी?

मोगरा | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५५

नाही दादा, इथंच गडबड होते. सगळे काढले तर मी सरकारी दवाखान्यात कोणत्या नावानं जाऊ? हार्मोनची रक्ततपासणी कशाखाली लिहिणार? विमावाला विचारेल कोणता कोड, तर कोरी जागा? म्हणेल ही तर हौस आहे, पैसे भरा.

बाळंतपण आजार आहे का? नाही. तरी बाळंतपणाचा कोड असतो ना दवाखान्यात? म्हणून तर बाई गेली की खाट मिळते, इंजेक्शन मिळतं. आम्हाला तसं पाहिजे. नाव असू द्या, फक्त वेड्यांच्या खात्यात नको.

रात्रपाळी | १३ नोव्हेंबर, पहाटे ३.१०

मोगराताईंनी बाळंतपणाचं उदाहरण दिलं, नेमकं हेच आयसीडी-११ मध्ये झालं. 'ट्रान्ससेक्शुअलिझम' (मोगराताईंच्या कागदावरचा एफ ६४.०) हे मनोविकारांच्या प्रकरणातून काढलं, 'जेंडर इनकाँग्रुअन्स' (जन्मवेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं) हे नवं नाव दिलं आणि लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात ठेवलं. कोड राहिला, खातं बदललं. अमेरिकेच्या डीएसएम-५ नं २०१३ ला 'डिसऑर्डर' शब्द काढून 'डिस्फोरिया' केलं, म्हणजे ओळखीला नाही तर तिच्यापायी होणाऱ्या क्लेशाला नाव दिलं. पण ते पुस्तकच मनोविकारांचं असल्यामुळे खातं तेच राहिलं.

पत्रांबद्दल : २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ऑपरेशनसाठी दोनऐवजी एकच पत्र पुरेसं धरलं आहे. आणि आमच्या बाजूनं कबूल करतो, ते पत्र लिहिताना आम्ही दारवान होतो. दारवानाशी कोणी खरं बोलत नाही. मी स्वतः अशी पत्रं लिहिली आहेत आणि बाहुलीचा प्रश्न मीही विचारला आहे, कारण मला तसंच शिकवलं होतं. आता विचारत नाही. यंदा ऑगस्टअखेर वैद्यकीय आयोगानं न्यायवैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त घातले होते. ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला तो मागे घेतला. कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग २०१८ ला गेला, १ जुलैपासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते कलम नाहीच, तरी पुस्तकात परत आलं. म्हणून म्हणतो, ही गोष्ट संपलेली नाही.

मोगरा | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

तुम्ही हे इथं लिहिलं, बरं वाटलं.

ओळखपत्राचं पण सांगून ठेवते, कोणाला कामी पडेल. मी काढलं तेव्हा २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र शपथपत्रावर मिळायचं, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा होता. त्याला वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. तरी मला एका टेबलवर 'मनोरुग्ण नसल्याचा दाखला' आणायला सांगितलं होतं. मी नियमाची छापील प्रत पुढं केली. बाबू वाचत बसले, मी उभी होते. मग शिक्का मारला. प्रत सोबत ठेवा, एवढंच. नागपूरला आपल्यासारख्यांसाठी काम करणारी सारथी ट्रस्ट ही संस्था आहे, तिथंही विचारता येतं.

लेकराची_माय | १४ नोव्हेंबर, रात्री १२.२०

मले लिवता येत नाही चांगलं, पन हे सारं वाचलं. माही पोट्टी सोळा वर्साची हाये. अकरावीत होती. लहानपनापासून पोरायसारखी रायते. उन्हाळ्यात तिनं केस कापले आन म्हने आई मी पोरगा हाये. तिच्या बाबानं लय मारलं. भगताकडं नेलं, त्यानं धूर देल्ला. मंग एका डॉक्टरकडं नेलं, त्यानं गोळ्या देल्ल्या. आता दिवसभर झोपून रायते, जेवत नाही, कॉलेज सुटलं. मी गोळ्या बंद करू का? रात्री मी तिच्या खाटेपाशीच झोपतो. मले भेव लागते.

रात्रपाळी | १४ नोव्हेंबर, रात्री १२.४१

ताई, मी जागा आहे. गोळ्या एकदम बंद करू नका, काही गोळ्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. गोळीच्या पाकिटाचा फोटो मला खाजगी निरोपात पाठवा. घरात फवारणीचं औषध असेल ते आत्ताच, रात्रीच, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. लेकराला सरळ विचारा की जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्यानं ते वाढत नाही. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीत, फुकट.

ते स्वतःला पोरगा म्हणतं हा आजार नाही. जेवत नाही, झोपून राहतं, कॉलेज सुटलं, हे मात्र तपासायला हवं. त्याला उदासीचा आजार जडला असेल किंवा गोळ्यांची गुंगी असेल. दोन्हीवर इलाज आहे. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या म्हणून कितीतरी पोरं वाया गेली.

लेकराची_माय | १४ नोव्हेंबर, रात्री १.०५

फवारणीच्या मोनोचा डबा जेठानीकडं ठेवला. इचारलं. हो म्हनली. मंग लय वेळ रडली माह्या मांडीवर. नंबर लावतो आता.

आशा_पुसद | १४ नोव्हेंबर, दुपारी २.१५

मी आशा वर्कर आहे. शेतकरी आत्महत्या रोखायला सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून घरोघरी उदासीचे प्रश्न विचारून फॉर्म भरते. झोप लागते का, भूक लागते का. कितीदा पोरं-पोरी काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि मागं सासू उभी असते. आम्हाला एवढंच शिकवलं आहे की कर्ज किती, दारू किती. हे विचारायला आणि ऐकून घ्यायला कोणी शिकवलं नाही. लेकराच्या माय, तुमच्या गावच्या आशाला भीत असाल तर मला लिहा.

पऱ्हाटी | १ डिसेंबर २०२४, सायंकाळी ७.३०

निवडणुकीच्या धामधुमीत बैठक लांबली होती, ती काल झाली. बहिणीला यवतमाळहून बोलावून घेतलं होतं. दिवाणीसाहेबांनी सांगितलेलं कलम आणि मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ दोन्ही छापून नेलं. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग भावाला म्हणाले, "कोर्टाचा कागद असन तं दाखव, नाही तं हे पाकीट आत ठेव." भाऊ काही बोलला नाही. हिस्से तीन झाले. विहीर सामाईक राहिली. भाऊ माझ्याशी बोलत नाही, पुढं बोलेल की नाही माहीत नाही.

रात्री आईला विचारलं, एवढी वर्षं फाईल का जपून ठेवली? मला वाटत होतं माझ्याविरुद्ध ठेवली असेल. ती चुलीपाशी वांगं भाजत होती. म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं होतं पुढच्या टायमाले येताना घेऊन या. मंग तू गेलाच नाही." अठरा वर्षं ती कपड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्या घालून, पुढच्या फेरीसाठी ठेवलेली होती. मी तिला मनगट दाखवलं. तिला रबराचं माहीत होतं, वळांचं माहीत नव्हतं. ती बोटानं चाचपत राहिली, तिथं आता काहीच नाही तरी.

रात्रपाळी साहेब, फाईल जाळून टाकू का?

रात्रपाळी | १ डिसेंबर, रात्री ११.१५

जाळू नका. दवाखान्याकडे तुमचे कागद आता बहुधा नसतील, एवढी वर्षं ठेवायचं बंधन त्यांच्यावर नसतं. २००६ ला काय केलं गेलं याचा लेखी पुरावा जगात बहुधा फक्त तुमच्याकडे आहे. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, घाई नाही. कुठं ठेवायची तेही आता तुम्हीच ठरवा.

लेकराची_माय | २ डिसेंबर, सकाळी ६.४०

डॉक्टर साहेब, आमी उद्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं तुमच्या ओपीडीले याले निघतो. तो दोन दिसापासून जेवते. त्याचे बाबा येत नाही, माहा भाऊ येते. जुनी फाईल आनू का?

रात्रपाळी | २ डिसेंबर, सकाळी ६.५८

आणा ताई, गोळ्यांची नावं पाहायला लागतील. पण पिशवीत टाकायच्या आधी त्याला विचारा, त्याला चालेल का. बाराच्या आत पोचा, नंतर खिडकी बंद होते.